दवाखान्यातला कॉम्प्युटर: व्हिजिट नोट भरताना डॉक्टरची मान वर कधी होणार?

मागच्या अंकात याच सदरात दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधल्या बिलिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं आणि मेसेज बघितले तर बिलिंगचं कुणाला काही पडलेलंच नाही, सगळा राग एकाच स्क्रीनवर आहे, म्हणजे पेशंट समोर बसल्यावर डॉक्टर जिथं आजची तपासणी लिहितात त्या व्हिजिट नोटवर. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकलाय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, त्यामुळं कुणाचंच छापत नाही, कंपन्यांचंही नाही.

प्रश्न (माजलगाव तालुक्यातले एक जनरल प्रॅक्टिशनर): पावसाळ्यात माझी ओपीडी दुपटीनं वाढते. पोरानं हौसेनं सॉफ्टवेअर बसवून दिलं, पण एका नोटला सात टॅब. तक्रार एकात, बीपी दुसऱ्यात, तपासणी तिसऱ्यात, औषधं पार पाचव्यात. म्हाताऱ्या बाया तोंडावर म्हणायल्यात, "डॉक्टर, आता तुमी आमच्याकडं बघतच नाहीत, टीव्हीच बघायलात." परत केस पेपरवर जाऊ का?

डॉक्टरसाहेब, जाऊ नका, पण चिडायचा हक्क तुम्हाला पुरेपूर आहे. हे काय माजलगावचंच दुखणं नाही. २०१६ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या शेजारी माणसं बसवून वेळ मोजला होता, त्यात निघालं की पेशंटसमोरच्या दर एका तासामागं जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जातात. ते लोक निदान पेशंटला वेळ तरी देऊ शकतात. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळा एकत्र करून बघितल्या तेव्हा स्वीडनला सरासरी साडेबावीस मिनिटं निघाली आणि बांगलादेशात ४८ सेकंद. आपली ओपीडी कुठल्या टोकाला हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. साडेबावीस मिनिटांसाठी आखलेला स्क्रीन दीड-दोन मिनिटांच्या ओपीडीत आणून बसवला की जे होतं तेच तुमच्याकडं व्हायलंय.

सात टॅब का असतात ते सांगतो. डेटाबेसमध्ये तक्रारीचं टेबल (म्हणजे माहिती साठवायचा तक्ता) वेगळं, बीपीचं वेगळं, औषधाचं वेगळं, आणि प्रोग्रामरनं जसं टेबल तसा टॅब काढून दिला. त्याची सोय झाली, तुमची गेली. कंपनीला सांगा की टॅब नकोत, एकच पान द्या आणि त्याचे दोन भाग करा. डाव्या बाजूला कायम दिसणारी पट्टी, तिच्यात वरपासून: कशाची अॅलर्जी आहे, शुगर-बीपी-दमा असं जुनं काय आहे, सध्या कुठली औषधं चालू आहेत आणि मागच्या वेळी काय ठरलं होतं. उजव्या बाजूला आजचं. पान उघडल्या उघडल्या कर्सर तक्रारीच्या मोकळ्या चौकोनातच पाहिजे, माउसला हात लावायचं काम पडू नये, आणि कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबत गेलं की तुम्ही ज्या क्रमानं तपासता त्याच क्रमानं पुढं सरकलं पाहिजे.

तक्रारीच्या चौकोनाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथंच कंपन्या घोळ घालतात. त्यांना सगळं ड्रॉपडाउनमधून, म्हणजे खाली उघडणाऱ्या ठरलेल्या यादीतून, निवडून पाहिजे असतं, म्हणजे नंतर रिपोर्ट काढता येतात. आता समोरचा माणूस म्हणतो, "परवापासून कणकण आहे, अंग मोडून आलंय, तोंडाला चव नाही, उठलं की डोस्कं गरगरायलंय." ह्याचं ड्रॉपडाउनमध्ये होतं नुसतं 'ताप'. उठल्यावर गरगरतंय, म्हणजे पाणी कमी पडलंय का, बीपी खाली आहे का, हा सगळा विचार त्या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच वाक्य यादीत बसत नाही. म्हणून पेशंटचं बोलणं एक-दोन ओळीत जसंच्या तसं टाइप करायची जागा पाहिजे म्हणजे पाहिजेच. ड्रॉपडाउन ठेवायचं ते निदानाला, औषधाला, ज्याचे आकडे पुढं लागतात त्याला. आणि रोज तेच तेच टाइप करावं लागणाऱ्या ओळींसाठी शॉर्टकट बनवून घ्या, 'जु' टाइप केलं की जुलाबाची तुमची नेहमीची ओळ यावी, किती वेळा, रक्त आहे का, लघवी होते का, आणि मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या.

राहिला टीव्ही. मॉनिटर टेबलाच्या कडेला घ्या, पेशंटला पण दिसंल असा तिरका. शुगरचा चढउतार त्याला बोटानं दाखवता आला की त्याची तक्रार निम्मी कमी होते. मात्र बाहेर नंबर लावून बसलेल्यांची यादी त्याच स्क्रीनवर उघडी ठेवू नका, शेजाऱ्याला काय झालंय ते गावाला कळायला वेळ लागत नाही.

प्रश्न (नांदेडचा एक डेव्हलपर): आम्ही चार पोरांनी मिळून छोट्या हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवलंय. व्हिजिट नोट एकदम पुस्तकाप्रमाणं 'सोप' पद्धतीची आहे, सब्जेक्टिव्ह, ऑब्जेक्टिव्ह, असेसमेंट, प्लॅन असे चार चौकोन. पण डॉक्टर लोक सगळं पहिल्याच चौकोनात कोंबतात आणि बाकीचे तीन मोकळे. त्यांना ट्रेनिंग द्यावं का चौकोन कंपल्सरी करावेत?

भाऊ, कंपल्सरी अजिबात करू नका. कंपल्सरी केलं की डॉक्टर तिथं टिंब टाकून पुढं जातात, आणि मग तुमच्याकडं चौकोन भरलेले दिसतात पण आत सगळी टिंबंच.

'सोप' वाईट नाही. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात हे मांडलं, १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा लेख आला. त्यांचं मुख्य म्हणणं असं होतं की पेशंटचा कागद त्याच्या अडचणीप्रमाणं लावा, म्हणजे शुगरचं शुगरखाली, दम्याचं दम्याखाली, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आधीच्यानं काय विचार केला ते कळतं. लोकांनी त्यातले चार चौकोन तेवढे उचलले आणि अडचणींची यादी सोडून दिली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादी आहे का बघा आधी.

दुसरं म्हणजे नोट एकदा लिहितात आणि वाचतात पुष्कळदा. तेच डॉक्टर आठ दिवसांनी वाचतात, रात्रीपाळीचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलमध्ये राहणारा डॉक्टर वाचतो, पुढं पाठवलं तर तिथले लोक वाचतात. ह्या वाचणाऱ्याला सगळ्यात आधी पाहिजे असतं निदान काय आणि करायचं काय ठरलं, आणि 'सोप'मध्ये नेमकं तेच तळाला. त्यामुळं अमेरिकेत काही ठिकाणी उलटा क्रम चालू केला, आधी असेसमेंट आणि प्लॅन, मग बाकीचं, त्याला 'अॅप्सो' म्हणतात. तुम्ही दोन्ही करू शकता, लिहिताना तपासणीच्या क्रमानं आणि वाचायला उघडलं की निदान-प्लॅन वर. डेटा तोच, फक्त दाखवायचा क्रम वेगळा, तुमच्यासाठी एका दिवसाचं काम आहे.

तुमच्या चार चौकोनांची खरी परीक्षा बघायची असेल तर साप चावलेला पेशंट घ्या. जून ते ऑक्टोबर आपल्याकडं ग्रामीण भागात रोजचं आहे. समजा पहाटे एक बाई आणली, रात्री खाली झोपलेली, पोटात दुखायलंय, पापण्या जड झाल्यात, अंगावर दाताची खूण नीट दिसत नाही. मण्यारीचं असंच असतं, चावलेल्या जागी दुखत नाही, सूज नाही. घोणस असली तर सूज आणि रक्त न गोठणं. आता इथं डॉक्टरला काय लिहायचंय? किती वाजता चावलं, दवाखान्यात किती वाजता आले, आवळून बांधलं होतं का, पापण्या किती वाजता कशा होत्या, सूज किती वाजता कुठपर्यंत होती. मग कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का बघायचं, ही टेस्ट घोणशीच्या संशयात पुन्हा पुन्हा करावी लागते, सापाच्या विषावरची लस दिल्यावर सहा तासांनी परत. लसीच्या कुप्या किती आणि कधी चालू केल्या. हे सगळं तुमच्या 'ऑब्जेक्टिव्ह'च्या एका चौकोनात एकाखाली एक लिहिलं की त्याचा गोधडीसारखा ठिगळांचा प्रकार होतो, कुठलं आधीचं कुठलं नंतरचं कळत नाही. इथं पाहिजे वेळेची पट्टी: एक बटण दाबलं की आताची वेळ आपोआप आणि समोर पापणी, सूज, श्वास, रक्त गोठलं का नाही एवढंच. पेशंटला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवायची वेळ आली तर तीच पट्टी प्रिंट होऊन सोबत गेली पाहिजे, तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच असतो, किती वाजता काय होतं.

कापसाच्या फवारणीतून विषबाधा झालेल्याचं पण तसंच, बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर आणि अॅट्रोपिन (उतारा म्हणून देतात ते औषध), सगळं मिनिटामिनिटाला बदलतं. म्हणजे तुम्हाला दोन प्रकारच्या नोटा लागणार, एक साध्या ओपीडीची आणि एक तासातासानं बदलणाऱ्या पेशंटची. एकाच साच्यात दोन्ही घालू नका.

प्रश्न (हिंगोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर): वजन, बीपी, ताप आम्ही मोजतो आणि चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या हातात देतो, आत डॉक्टर ते बघून परत टाइप करतात. चिठ्ठी हरवते, पेशंट दुसऱ्याचीच घेऊन जातो. काही करता येईल का?

सिस्टर, जो मोजतो त्यानंच टाकायचं, एवढाच नियम. बाहेरच्या टेबलावर एक जुना टॅबलेट जरी ठेवला तरी चालतो, फक्त तुमच्या स्क्रीनवर तुमचे पाच-सहा रकाने तेवढे दिसले पाहिजेत आणि डॉक्टरच्या पानावर ते आपोआप आले पाहिजेत, कुणी किती वाजता मोजलं त्यासकट.

रकाने कसे असावेत हे मात्र कंपनीकडून भांडून करून घ्या. ताप फॅरनहाइटमध्ये का सेल्सिअसमध्ये ते रकान्याच्या शेजारीच छापलेलं पाहिजे, आणि फॅरनहाइटच्या रकान्यात कुणी ३९ टाकलं तर तिथल्या तिथं 'सेल्सिअस म्हणायचंय का' असं विचारलं पाहिजे. बीपीचे वरचा-खालचा दोन वेगळे रकाने, मध्ये रेघ टाइप करायला लावू नये. आणि लहान लेकराच्या वजनाला सगळ्यात जास्त जपा. १२ किलोचं लेकरू, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमनं धरलं तर १८० मिलिग्रॅम होतं. आता सिरप दोन ताकदीचं मिळतं, ५ मिलीत १२५ वालं असेल तर ७.२ मिली आणि २५० वालं असेल तर ३.६ मिली, म्हणजे बाटली बदलली की निम्मं. त्यात वजनाचा पॉइंट हुकून १२ चं १.२ झालं तर पुढचं सगळं गणित गेलं. वयाला न शोभणारं वजन टाकलं की रकाना लाल झाला पाहिजे, आणि मागच्या वेळचं वजन शेजारी बारीक अक्षरात दिसलं पाहिजे. औषधाच्या ओळीत पण नुसतं 'एक चमचा' नको, सिरपची ताकद आणि मिली दोन्ही पाहिजेत. घरातले चमचे कसले असतात तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न (लातूरचे एक फिजिशियन): आमच्याकडं 'मागची नोट कॉपी करा' असं बटण आहे, फार सोयीचं आहे. पण आमच्या मेडिकल ऑडिटमध्ये यावरून बोलणी बसली. बटण काढून टाकावं का?

सर, बटण राहू द्या, पण त्याचे तुकडे करा. चालू औषधं आणि जुन्या आजारांची यादी पुढं आली तर चांगलंच आहे, दर महिन्याला शुगरचं मेटफॉर्मिन कशाला टाइप करायचं. तपासणी मात्र कधीच कॉपी होऊ नये. 'छाती क्लिअर, पोट मऊ' हे मागच्या महिन्यातलं वाक्य आज परत आलं तर ते आज तपासलं असं कागद सांगतो, आणि कोर्टात पण कागदच बोलतो. जे कॉपी होऊन आलंय ते फिक्क्या रंगात राहावं आणि डॉक्टरनं त्यावर हात फिरवला, म्हणजे बदललं किंवा 'तेच आहे' असं दाबलं, तरच काळं व्हावं. न दाबलेलं नोटमध्ये जाऊच नये. 'सगळं नॉर्मल' नावाचं जे एक बटण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं त्याचंही हेच. बोट कापलेल्या पोराच्या नोटमध्ये डोळ्याच्या पडद्यापर्यंत सगळं नॉर्मल लिहून येतं, वाचणाऱ्याचा मग कशावरच विश्वास राहत नाही.

नोटवर सही झाली की ती बंद. नंतर काही आठवलं तर खाली पुरवणी म्हणून तारीख-वेळ-नावासकट लिहायचं, आधीचं खोडता येऊ नये. हे असं आहे का ते कंपनीला विचारून घ्याच.

प्रश्न (परभणीतून): दर औषधाला धोक्याची खिडकी उघडते. मी न वाचता बंद करतो. बरोबर आहे का?

तुमचं चूक आहे, पण सॉफ्टवेअरचं तुमच्यापेक्षा जास्त. अडवणारी खिडकी फक्त दोन-तीन गोष्टींना पाहिजे, पेशंटला ज्या औषधाची अॅलर्जी नोंदलीय तेच लिहिलं, गरोदर बाईला चालत नाही असं औषध, किंवा डोस भलताच मोठा. बाकी सूचना औषधाच्या ओळीखाली बारीक अक्षरात आल्या तरी पुरे.

प्रश्न (धारूर तालुक्यातला एक विद्यार्थी): माझे आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. आईला बीपी आहे. तिकडच्या डॉक्टरला दाखवलं की म्हणतात जुने कागद आणा. इथले डॉक्टर म्हणतात सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. मग आईनं काय कॉम्प्युटर घेऊन फडात जायचं का?

तुझा प्रश्न या अंकातला सगळ्यात सरळ आहे. आईचा कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांच्या आत द्यायचं. भांडायला जाऊ नको, साध्या शब्दात मागितलं तर बहुतेक जण देतात, प्रिंट काढायला कंपाउंडरला दोन मिनिटं लागतात.

'आभा' म्हणून १४ आकडी नंबर मिळतो, केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून, २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर चालू झालं. पेशंटनं परवानगी दिली की एका दवाखान्यातलं रेकॉर्ड दुसऱ्याला बघता येतं. आईचा काढून ठेव. पण त्यासाठी दोन्हीकडचं सॉफ्टवेअर त्याला जोडलेलं पाहिजे, आणि कारखान्याजवळच्या छोट्या दवाखान्यात ते असेलच असं नाही. म्हणून कागद पाहिजेच.

आता हे डॉक्टर आणि कंपनीवाल्यांसाठी. व्हिजिट नोटच्या स्क्रीनवर 'बाहेरगावी जाणार' असं एक बटण ठेवा. दाबलं की एकच पान निघावं, मागच्या तीन वेळचं बीपी तारखेसकट, निदान, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात आणि शेवटी मराठीत कधी घ्यायचं आणि काय झालं तर लगेच दाखवायचं. औषधाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरातच ठेवा, कर्नाटकातल्या मेडिकलवाल्याला मराठी कशी वाचता येणार, आणि ब्रँड तिकडं मिळंलच असं नाही. आईसाठी मात्र 'सकाळी १, रात्री १' असं, शेजारी सूर्य-चंद्राचं चित्र टाकलं तर आणखी बरं. ह्या मराठी ओळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशाच दिसणाऱ्या पद्धतीत, असल्या पाहिजेत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती अक्षरांची भेळ दिसते, आणि शोधायला गेलं तर सापडत नाही.

प्रश्न (जालन्याहून): एकाच नावाचे दोन पेशंट, एकाची नोट दुसऱ्याच्या फाइलला गेली. उपाय?

पानाच्या डोक्यावर नाव, वय, गाव आणि फोटो मोठा दिसला पाहिजे, खाली सरकवलं तरी तो हलू नये. नुसत्या गावावर भिस्त ठेवू नका, आपल्याकडं वडगाव कमी आहेत का. आणि एका वेळी दोन पेशंटच्या नोटा उघडता येणारच नाहीत असं करून घ्या.

प्रश्न (धाराशिवहून): नोट अर्धी झाली की लाइट जाते आणि लिहिलेलं गेलेलं असतं. शिवाय नवीन काही घ्यायचं तर फुकटातलं काय आहे?

'सेव्ह' बटणाच्या भरवशावर चालणारं सॉफ्टवेअर आपल्याकडं चालतच नाही. टाइप करता करता आपोआप त्याच मशीनवर साठलं पाहिजे आणि नेट आलं की वर जावं. विकत घ्यायच्या आधी विक्रेत्यासमोरच अर्धी नोट लिहून मेन स्विच बंद करा, मग चालू करून बघा काय उरलंय. बरेच सौदे तिथंच मोडतील.

फुकटात म्हणजे ओपन सोर्समध्ये ओपनईएमआर आहे, ओपनएमआरएस आहे. ओपनएमआरएस २००४ च्या सुमाराला आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या दवाखान्यांसाठी सुरू झालं. त्याच्यावरच उभं केलेलं 'बहम्नी' आपल्या देशातलं, छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं जे हॉस्पिटल आहे तिथल्या गरजेतून निघालं, म्हणजे गर्दी, खेडं, कमी डॉक्टर हे सगळं बघून बनलेलं. फुकट असलं तरी बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो, त्याचा पगार धरून हिशोब करा. छोट्या दवाखान्याला बहम्नी जरा मोठं पडंल, ३० खाटांच्या वर असाल तर बघा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरच्या एका नर्सिंग होममधून): निदान लिहिताना कोडची यादी उघडते, शंभर नावं येतात. सगळे डॉक्टर पहिलंच निवडतात. त्यामुळं आमच्या रिपोर्टमध्ये निम्म्या गावाला 'ताप, कारण अज्ञात'.

तो आर५०.९ हा कोड (आजारांना जगभर जे ठरावीक कोड दिलेत त्या आयसीडी-१० यादीतला), तुमच्याकडंच नाही, सगळीकडं लाडका आहे. तुमच्याकडं जास्त होणारी निदानं यादीत वर नसतात म्हणून असं होतं. तुमच्या नर्सिंग होममध्ये गेल्या वर्षभरात कुठली निदानं जास्त झाली ती काढा, वरची तीसेक यादीच्या डोक्यावर लावा, बीपीचा आय१०, शुगरचा ई११, सर्दीचा जे०० असे, आणि बाकीची शोधलं तरच दिसू द्या. यादी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली वेगळी निघते. आणि निदान पक्कं नसलं तर 'डेंग्यूचा संशय' असं लिहायची सोय पाहिजे, नसली की माणूस एकतर खोटं पक्कं लिहितो नाहीतर 'कारण अज्ञात' दाबून मोकळा होतो. सोबत एक काम करा, कुठला रकाना वर्षभरात किती वेळा भरला गेला हे कंपनीकडून काढून मागा. जे रकाने कुणीच भरलेले नाहीत ते स्क्रीनवरून काढून टाकायला सांगा, पानाची निम्मी गर्दी तिथंच कमी होईल.